तेहरान ते काराकास: या दोस्तीत प्रत्यक्ष काय पोचलं?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा: इराण म्हणजे मौलवींचं राज्य, तर व्हेनेझुएला, क्युबा, निकाराग्वा म्हणजे डाव्यांची सरकारं. मधे अख्खा अटलांटिक. तरी यांचं सूत इतकी वर्षं कसं जुळलं? ही खरी मैत्री होती की नुसता अमेरिकाद्वेष? आणि भारताचा यात कुठे संबंध येतो?

मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही. उमेदीची वर्षं तेलाच्या टँकरवर गेली आणि पुढची मुंबईत चार्टरिंगच्या, म्हणजे जहाजं भाड्याने ठरवण्याच्या, टेबलावर. माल कुठल्या बंदरातून निघाला, जहाजावर झेंडा कोणाचा, विमा कोणी उतरवला, पैसे कोणत्या वाटेने फिरले, हे बघणं आमचं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तरही त्याच अंगाने येणार. माझं मत आधीच सांगून टाकतो: लॅटिन अमेरिकेत इराणच्या जवळ कोण आलं हे कोण किती डावा यावरून ठरलं नाही, कोण किती कोंडीत सापडला यावरून ठरलं. अमेरिकेचे निर्बंध जसे आवळत गेले तशी ही मैत्री घट्ट होत गेली. विचारसरणी नंतर मंडपाला लावलेल्या तोरणासारखी आली.

विचारसरणीचं आधी उरकून घेऊ. शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, काळात, १९७६ मध्ये, इराणने क्युबाशी संबंध तोडले होते. कारण काय, तर फिडेल कॅस्ट्रो इराणच्या तुदेह या कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्याला भेटले. १९७९ च्या फेब्रुवारीत क्रांती झाली आणि त्याच वर्षी हे संबंध पुन्हा जोडले गेले. इराण सेंटो या अमेरिकाधार्जिण्या लष्करी करारातून बाहेर पडला, अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीत आला आणि सप्टेंबरमध्ये हवानाच्या शिखर परिषदेला हजरही राहिला. इथवर वाचून कोणालाही वाटेल की दोन क्रांत्यांची गळाभेट झाली. पण त्याच तुदेह पक्षाची १९८३ मध्ये खोमेनींच्या राजवटीने पुरती वाट लावली. सरचिटणीस नूरुद्दीन कियानूरींना टीव्हीवर बसवून कबुलीजबाब वदवून घेतला. १९८८ मध्ये तुरुंगांत जे सामूहिक मृत्युदंड दिले गेले त्यांत डावे कैदीही मोठ्या संख्येने होते. क्युबाने यावरून संबंध तोडले नाहीत. घरच्या कम्युनिस्टांना फासावर चढवायचं आणि दूरच्या कम्युनिस्टांना मिठी मारायची, हे तेहरानला जमलं आणि हवानाला चाललं. म्हणून 'समान विचार' हे उत्तर परीक्षेत लिहू नका.

याचा एक मासला फार बोलका आहे. २००७ मध्ये, क्युबाच्या क्रांतीतला नेता चे ग्वेव्हारा याच्या मृत्यूला चाळीस वर्षं होत असताना, तेहरान विद्यापीठात एक कार्यक्रम झाला. सूत्र होतं 'चे आणि चमरान'. मुस्तफा चमरान हे इराणच्या क्रांतीनंतरचे संरक्षणमंत्री, १९८१ मध्ये युद्धआघाडीवर मारले गेले. चेची मुलं आलेइदा आणि कामिलो यांना खास बोलावलं होतं. एका कट्टर वक्त्याने भाषणात ठोकून दिलं की चे मनातून देव मानणारा होता आणि सोव्हिएत साम्यवादाचा त्याला तिटकारा होता. आलेइदाबाईंनी तिथल्या तिथे त्याला दुरुस्त केलं: माझ्या वडिलांनी कधी देवाचं नाव काढलं नाही, आणि सोव्हिएत जनतेचे आम्ही ऋणी आहोत. त्यानंतर पाहुण्यांचा कार्यक्रमातला वावर झपाट्याने आटला. सरकारी पातळीवर मात्र काहीच बिनसलं नाही, कारण सरकारांचं नातं या गोष्टीवर उभंच नव्हतं.

निकाराग्वाची क्रांतीही १९७९ चीच, जुलैतली. इराणचे पंतप्रधान मीर-हुसेन मुसावी जानेवारी १९८५ मध्ये तिथल्या राजधानीत, मानाग्वाला, गेले. क्रांतीतून आलेल्या सांदिनिस्ता सरकारला तेल हवं होतं आणि इराणने ते उधारीवर दिलं. गंमत पुढे आहे. त्याच १९८५-८६ मध्ये रीगन प्रशासन इराणलाच गुपचूप क्षेपणास्त्रं विकत होतं आणि त्यातला नफा सांदिनिस्तांविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांकडे वळवत होतं. म्हणजे इराणने मोजलेल्या पैशातून इराणच्याच मित्राविरुद्धच्या बंदुका आल्या. तेहरानला हे ठाऊक होतं असं नाही, आणि इराकविरुद्धच्या युद्धात रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांची त्यांना इतकी निकड होती की ठाऊक असतं तरी सौदा मोडला असता असं मला वाटत नाही.

त्या युद्धामुळे एक गोष्ट दिल्लीत आली. अलिप्त राष्ट्रांची सातवी परिषद १९८२ मध्ये बगदादला व्हायची होती. इराण-इराक युद्ध पेटलेलं असताना ते शक्य नव्हतं, म्हणून ती मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत भरली. कॅस्ट्रोंनी विज्ञान भवनात इंदिरा गांधींना अध्यक्षपद सोपवताना मारलेली मिठी त्या पिढीतल्या सगळ्यांना आठवते. ती परिषद आपल्याकडे कशामुळे झाली हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आता मुख्य अध्याय, व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष चावेझ आणि इराणचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद. इराण आणि व्हेनेझुएला हे ओपेकचे, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचे, संस्थापक सदस्य. १९६० च्या सप्टेंबरमध्ये बगदादला पाच देशांनी ही संघटना काढली त्यांत हे दोघे होते. तेव्हा दोन्हीकडे क्रांतिकारी सरकार नव्हतं, इराणात तर शहा होता. ह्यूगो चावेझ १९९९ मध्ये सत्तेवर आले तेव्हा तेलाचा भाव पडलेला होता आणि उत्पादनात शिस्त आणण्यासाठी त्यांना ओपेकमधले साथीदार हवे होते. इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खातमी यांच्याशी त्यांची ओळख या कामातून झाली. २००५ मध्ये अहमदीनेजाद आले आणि कामाच्या ओळखीला भाऊबंदकीचं रूप आलं. इथे भाऊबंदकी म्हणजे आपल्याकडची जमिनीच्या वादातली नव्हे, एकमेकांना जाहीरपणे भाऊ म्हणण्यातली.

अहमदीनेजाद तिकडे वारंवार गेले. जानेवारी २००७ च्या एकाच फेरीत व्हेनेझुएला, निकाराग्वा, इक्वेडोर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोलिव्हिया, जिथे राष्ट्राध्यक्ष एवो मोरालेस यांना पाच वर्षांत १ अब्ज डॉलर गुंतवण्याचा शब्द दिला. प्रत्येक थांब्यावर करारांची चळत. ही जहाजं, ही घरं, हे कारखाने. आमच्या धंद्यात 'फिक्स्चर झालं', म्हणजे जहाजाचा सौदा ठरला, आणि 'माल चढला' यांत फरक करायला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तोच फरक इथे लावून बघा.

निकाराग्वाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मंकी पॉइंट नावाची जागा आहे. तिथे इराण खोल पाण्याचं बंदर बांधणार अशी २००७ मध्ये घोषणा झाली, आकडा साडेतीनशे दशलक्ष डॉलरचा. घोषणेत दहा हजार घरंही होती. बंदर झालं नाही. घरं झाली नाहीत. उलट निकाराग्वाचे राष्ट्राध्यक्ष ओर्तेगा ऐंशीच्या दशकातलं तेलाचं जुनं कर्ज माफ करा म्हणून तेहरानच्या मागे लागलेले. व्हेनेझुएलात माराकायला वेनिराउतो नावाचा मोटार कारखाना उघडला. तिथली तुर्पियाल गाडी म्हणजे इराणात बनणाऱ्या जुन्या किया प्राइडचा अवतार. स्वस्त होती, मागणी प्रचंड होती, पण सुटे भाग वेळेवर येईनात. ट्रॅक्टर मात्र बऱ्यापैकी बनले आणि घरंही काही उभी राहिली, हे कबूल करायला हवं. सगळंच फोल नव्हतं.

जहाजांचं उदाहरण माझ्या जवळचं, म्हणून थोडं थांबतो. २००६ मध्ये व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीने, पीडीव्हीएसएने, इराणच्या सद्रा गोदीकडे चार अफ्रामॅक्स टँकर मागवले. अफ्रामॅक्स म्हणजे एका खेपेत सहा-आठ लाख पिंपं नेणारं जहाज. कोरियातल्या मोठ्या गोदीला असं जहाज ऑर्डरपासून सुपूर्द करायला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. या चारांतलं दुसरं जहाज, योराको, व्हेनेझुएलाच्या हवाली झालं ते जून २०२२ मध्ये, चावेझनंतरचे राष्ट्राध्यक्ष मादुरो तेहरानला गेले होते तेव्हा. सोळा वर्षं! गोदीला दोष देण्यात अर्थ नाही. मुख्य इंजिन, पंप, जहाज समुद्रात न्यायच्या लायकीचं असल्याचं क्लास सर्टिफिकेट, विमा, हप्त्याची रक्कम पाठवणारी बँक, यातला प्रत्येक दुवा निर्बंधांत अडकतो. आपली गोदी आणि आपलं पोलाद असूनही जहाज तरंगत नाही, कारण जहाज हे जगभरातल्या पुरवठादारांच्या माळेवर चालतं.

पण अतिशयोक्ती एकाच बाजूने झाली असं समजू नका. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन म्हणाल्या की इराणी लोक मानाग्वात प्रचंड मोठी वकिलात बांधताहेत आणि ती कशासाठी ते तुम्हीच समजा. पत्रकार ती वकिलात शोधायला गेले. सापडली नाही. अशी काही इमारतच नव्हती. एका बाजूने न बांधलेलं बंदर आणि दुसऱ्या बाजूने न बांधलेली वकिलात, अशा हवेतल्या बांधकामांवर दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी बरीच वर्षं लेख पाडले.

मग माल पोचत नव्हता तर इराणला मिळत काय होतं? मतं. सप्टेंबर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या संचालक मंडळात इराणविरुद्ध ठराव आला. बाजूने २२, तटस्थ १२, विरोधात एकच: व्हेनेझुएला. फेब्रुवारी २००६ मध्ये प्रकरण सुरक्षा परिषदेकडे न्यायचा ठराव आला. बाजूने २७, तटस्थ ५, विरोधात ३: व्हेनेझुएला, क्युबा आणि सीरिया. ठराव थांबले नाहीत, पण जागतिक एकमत आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. तेहरानमधल्या राजवटीला घरच्या लोकांसमोर एवढं पुरतं. वर अमेरिकेच्या सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानमधून इराणला दोन्हीकडून घेरलेलं असताना, आपणही तुमच्या परसात फिरू शकतो हे दाखवण्याचं समाधान वेगळंच. काराकासला, म्हणजे व्हेनेझुएलाच्या सरकारला, मिळत होती जागतिक उंची. दोन्हीकडे खर्च कमी.

माझ्या मुद्द्याची खरी कसोटी ब्राझीलवर लागते. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लुला डावेच. १७ मे २०१० रोजी त्यांनी तुर्कस्तानच्या एर्दोआन यांच्यासोबत तेहरानमध्ये इराणकडून अणुकरार मिळवला: १२०० किलो कमी समृद्ध युरेनियम तुर्कस्तानात ठेवायचं, बदल्यात तेहरानच्या संशोधन भट्टीसाठी इंधन घ्यायचं. वॉशिंग्टनने तो उडवून लावला. ९ जूनला सुरक्षा परिषदेत १९२९ क्रमांकाचा निर्बंधांचा ठराव आला तेव्हा ब्राझील आणि तुर्कस्तान या दोघांनीच विरोधात मत दिलं. त्या सगळ्या काळात कुठल्याही डाव्या सरकारने इराणसाठी केलेलं सगळ्यात वजनदार काम हेच. पण पुढच्याच वर्षी लुलांच्याच पक्षाच्या डिल्मा रुसेफ राष्ट्राध्यक्ष झाल्या. तरुणपणी लष्करी राजवटीच्या तुरुंगात छळ सोसलेली ही बाई. मार्च २०११ मध्ये इराणमधल्या मानवी हक्कांच्या चौकशीसाठी विशेष प्रतिनिधी नेमण्याच्या बाजूने ब्राझीलने मत दिलं. जानेवारी २०१२ मध्ये अहमदीनेजाद व्हेनेझुएला, निकाराग्वा, क्युबा, इक्वेडोर असे फिरले, ब्राझीलला मात्र गेले नाहीत. २०२२ मध्ये चिलीचे डावे राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल बोरिक यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इराणमध्ये पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेल्या महसा अमिनीचं नाव घेतलं. जो डावा नेता निवडणूक हरू शकतो आणि ज्याच्या देशाला जगभर गिऱ्हाइकं आहेत, त्याला तेहरानची गरज नसते.

अर्जेंटिनाबद्दल दोन वाक्यांत: १९९४ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या आमिया या ज्यू केंद्रावर झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ माणसं गेली, आणि अर्जेंटिनाच्या तपासयंत्रणेने त्यासाठी इराणी अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. इराण तो नाकारत आला, पण मे २०११ मध्ये याच प्रकरणात इंटरपोलच्या यादीत असलेले इराणचे संरक्षणमंत्री अहमद वहिदी बोलिव्हियात पाहुणे म्हणून आले तेव्हा शेजारी संतापला, आणि मोरालेस सरकारला पाहुण्यांना वाटेला लावून माफी मागावी लागली.

चावेझ मार्च २०१३ मध्ये वारले. अहमदीनेजादनी शोकसंदेशात लिहिलं की ते येशू आणि महदी (शिया श्रद्धेनुसार परत येणारा इमाम) यांच्यासोबत परत येतील. अंत्यविधीत चावेझच्या आईचं सांत्वन करताना तिचे हात हातात घेतले, गालाला गाल लागला, आणि कोम या धर्मनगरीतल्या मौलवींनी झोडपून काढलं. अहमदीनेजाद यांची मुदत संपली, राष्ट्राध्यक्षपदी रूहानी आले, अमेरिकेशी वाटाघाटी सुरू झाल्या आणि लॅटिन अमेरिकेचं प्रेम ओसरलं. इराणला दुसरा दरवाजा उघडताना दिसला की हा दरवाजा लोटून ठेवला जातो, हेही नोंदवून ठेवा.

मग ८ मे २०१८ रोजी ट्रम्प इराणशी २०१५ मध्ये झालेल्या अणुकरारातून बाहेर पडले आणि जानेवारी २०१९ मध्ये पीडीव्हीएसएवर निर्बंध आले. आता दोघेही एकाच वेळी पुरते कोंडीत. इथून पुढे कथा भाषणांतून जहाजांवर येते.

जगातला सगळ्यात मोठा, सुमारे ३०० अब्ज पिंपांचा नोंदलेला तेलसाठा व्हेनेझुएलाकडे. आणि २०२० च्या उन्हाळ्यात काराकासमध्ये पेट्रोलसाठी दिवसरात्र रांगा. याचं मूळ २००३ मध्ये आहे. तेल कामगारांचा संप मोडून काढताना चावेझनी पीडीव्हीएसएतल्या सुमारे १८ हजार लोकांना घरी बसवलं. त्यांत रिफायनरी चालवणारे अनुभवी हात होते. पैसा होता तोवर खपून गेलं. नंतर एकेक युनिट बंद पडत गेलं. १९९० च्या दशकाअखेर रोज ३० लाख पिंपांच्या वर असलेलं उत्पादन २०२० मध्ये चार लाखांच्या खाली गेलं.

मे २०२० मध्ये इराणचे पाच टँकर व्हेनेझुएलाच्या वाटेवर होते: फॉर्च्युन, फॉरेस्ट, पेटुनिया, फॅक्सन, क्लॅव्हल. एकूण सुमारे १५ लाख पिंपं पेट्रोल आणि त्यात मिसळायची द्रव्यं. सुएझ, जिब्राल्टर, मग अटलांटिक, असा महिन्याभराचा प्रवास. निर्बंधांतला माल एरवी ठावठिकाणा सांगणारा ट्रान्सपाँडर बंद करून, नाव रंगवून, भर समुद्रात दुसऱ्या जहाजात उपसून जातो. ही पाच जहाजं इराणचा झेंडा लावून, ठावठिकाणा दाखवत गेली. पहिलं जहाज व्हेनेझुएलाच्या हद्दीत शिरलं तसं तिथल्या नौदलाने आणि विमानांनी त्याला सोबत केली. २५ मे रोजी फॉर्च्युन एल पालितो रिफायनरीच्या धक्क्याला लागलं आणि तेलमंत्री तारेक एल-ऐसामी स्वागताला हजर. (हेच एल-ऐसामी २०२४ मध्ये तेलाच्या पैशातल्या भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली गजाआड झाले.) पैसे कसे दिले? इराणच्या रिव्होल्युशनरी गार्ड या लष्करी दलाचे माजी प्रमुख याह्या रहीम सफावी यांनीच नंतर सांगितलं: पेट्रोल दिलं, सोनं घेतलं, आणि वाटेत काही होऊ नये म्हणून ते विमानाने आणलं. एकविसाव्या शतकात दोन देशांचा व्यवहार सोन्याच्या विटांवर आला, कारण डॉलर फिरवणारी एकही बँक हात लावायला तयार नव्हती.

महिन्याभरात अमेरिकेने त्या पाचही जहाजांच्या कप्तानांवर व्यक्तिशः निर्बंध टाकले. आमच्या जमातीत याची चर्चा मालापेक्षा जास्त झाली. देशांच्या भांडणात कप्तानाचं नाव काळ्या यादीत म्हणजे त्याची दुसरीकडे कुठेही नोकरी संपली. २०१९ मध्ये जिब्राल्टरला अडकवलेल्या ग्रेस-१ या इराणी तेलाच्या जहाजाचे कप्तान तर भारतीय होते. जहाज सुटल्यावर त्यावर आलेल्या नव्या कप्तानांना, तेही भारतीयच, अमेरिकी परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याने थेट ई-मेल पाठवून जहाज आम्ही सांगू तिथे न्या, लाखो डॉलर देतो, असं कळवलं होतं. कोकणातली कितीतरी घरं बोटीवरच्या पगारावर चालतात. 'सही करताना मालक कोण ते बघ' हे वाक्य त्या घरांत आता वडीलधारे बोलू लागले आहेत.

ऑगस्ट २०२० मध्ये दुसरी खेप वेगळ्या पद्धतीने पाठवली गेली आणि फसली. बेला, बेरिंग, पँडी, लूना या चार जहाजांमागे ग्रीक मालक होते. अमेरिकेने युद्धनौका न पाठवता, न्यायालयाचा आदेश आणि मालकांवर दबाव एवढ्यावर ११ लाख पिंपांहून जास्त माल ताब्यात घेतला. आपल्या झेंड्याचं, आपल्या विम्याचं जहाज पोचतं. भाड्याचं पोचत नाही, कारण त्या मालकाला पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला धक्का हवा असतो. दोस्तीची मर्यादा इथे कळते. ती दोघांच्या मालकीच्या जहाजांइतकीच लांब जाते.

पेट्रोलपेक्षाही चलाख सौदा २०२१ चा, कंडेन्सेट नावाच्या हलक्या तेलाचा. ओरिनोकोच्या पट्ट्यातलं कच्चं तेल काकवीसारखं दाट. नळातून वाहत नाही, विकता येत नाही. ते हलक्या तेलात मिसळून मेरे नावाचा निर्यातीचा माल तयार करतात. पूर्वी हे हलकं तेल अमेरिकेतून येत असे, ते बंद झालं. इकडे इराणच्या साउथ पार्स वायुक्षेत्रातून गॅससोबत ढीगभर कंडेन्सेट निघतं. त्याचं मोठं गिऱ्हाईक दक्षिण कोरिया, आणि २०१९ मध्ये निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपताच कोरियाने खरेदी थांबवली. म्हणजे एकाकडे न खपणारं हलकं तेल, दुसऱ्याकडे न वाहणारं दाट तेल. इराणचं अजस्र टँकर जोसे टर्मिनलवर कंडेन्सेट उतरवून परतीला मेरे भरून नेऊ लागलं. दोन्ही फेऱ्यांत जहाज भरलेलं आणि डॉलर लागलाच नाही. साठ वर्षांच्या या नात्यातला धंदा म्हणून टिकणारा हा पहिला सौदा, असं मी म्हणेन. कुठल्याही क्रांतीचा त्यात संबंध नव्हता.

त्यानंतर मे २०२२ मध्ये एल पालितोच्या दुरुस्तीचं ११ कोटी युरोंचं कंत्राट इराणी कंपनीला मिळालं आणि जूनमध्ये वीस वर्षांचा सहकार्य करार झाला. त्याच महिन्यात पूर्वी इराणच्या माहान एअरकडे असलेलं, आता व्हेनेझुएलाचं झालेलं जुनं ७४७ मालवाहू विमान मोटारींचे सुटे भाग घेऊन ब्यूनोस आयर्सला उतरलं. तिथे त्याला कोणी इंधन देईना. तेल कंपन्यांना निर्बंधांची भीती. उरुग्वेकडे वळलं तर प्रवेश नाकारला. परत येऊन एझेझा विमानतळावर अडकलं ते फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने फ्लोरिडात नेईपर्यंत. जून २०२३ मध्ये इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रईसी काराकासला जाऊन दोघांचा व्यापार २० अब्ज डॉलरवर नेऊ म्हणाले. ज्या देशाच्या विमानाला शेजारच्या देशात टाकीभर इंधन मिळत नाही त्याने हा आकडा उच्चारायलाही धाडस लागतं.

क्युबाचं वेगळं आहे आणि ते जास्त सरळ आहे. क्युबाकडे पुरेसं तेल नाही, पैसा नाही, पण लसीचं शास्त्र आहे. २०२१ मध्ये हवानाच्या फिनले संस्थेची सोबेराना-२ ही कोविड लस इराणच्या पाश्चर संस्थेसोबत इराणात तपासली गेली आणि तिथेच बनवली गेली. भाषणात या गोष्टीला सगळ्यात कमी जागा मिळाली, आणि प्रत्यक्ष दंडात टोचली गेलेली गोष्ट हीच.

संकटात कोण किती धावलं? जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणवर हल्ले केले तेव्हा काराकास, हवाना, मानाग्वा यांनी निषेध केला. ३ जानेवारी २०२६ रोजी अमेरिकी सैन्याने काराकासमधून मादुरोंना उचलून न्यूयॉर्कला नेलं तेव्हा तेहरानने निषेध केला. दोन्ही वेळा कागदापलीकडे काही हललं नाही. कोणी फसवलं असं नाही. तसा शब्द कोणी दिलाच नव्हता.

आता भारत. वर सांगितलेल्या २००५ आणि २००६ च्या दोन्ही मतदानांत भारताने इराणविरुद्ध मत दिलं. जुलै २००५ मध्ये मनमोहनसिंग आणि बुश यांच्यात अणुसहकार्याची बोलणी ठरली होती, आणि बाहेरून पाठिंबा देणारे डावे पक्ष या मतावरून चांगलेच भडकले. पण खरेदी आपण दोघांकडूनही चालू ठेवली. जामनगरची रिफायनरी दाट, गंधकाचं तेल पचवते, म्हणून रिलायन्सने २०१२ मध्ये पीडीव्हीएसएशी पंधरा वर्षांचा करार केला. इराणच्या तेलाचे काही पैसे त्याच वर्षापासून कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांत जमा होत, आणि इराण त्यातून भारतातला बासमती आणि औषधं घेई. मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत काढली आणि आपण इराणी तेल बंद केलं.

या सगळ्यात सगळ्यात जास्त पोळली ओएनजीसी विदेश, परदेशात तेल-वायू शोधणारी आपली सरकारी कंपनी. इराणच्या फारसी गटात २००८ मध्ये फर्झाद-बी वायुक्षेत्र तिनेच शोधलं; वाटाघाटी रेंगाळल्या आणि मे २०२१ मध्ये इराणने ते आपल्याच पेट्रोपार्स कंपनीला देऊन टाकलं. त्याच २००८ मध्ये व्हेनेझुएलाच्या सान क्रिस्तोबाल क्षेत्रात तिने ४० टक्के हिस्सा घेतला. तिथला लाभांश ५० कोटी डॉलरहून जास्त थकला. दोन क्रांतिकारी मित्रांच्या दोन्ही टोकांना आपली एकच सरकारी कंपनी अडकली होती. मुलाखतीच्या पॅनलने 'भारताचा संबंध' विचारला तर अलिप्ततेच्या इतिहासाआधी हे सांगा; समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल.